सेव्हेनमध्ये मुक्काम कुठे: ल पाँ-द-माँव्हेर की सँ-जाँ-द्यु-गार?

दक्षिण फ्रान्समधल्या सेव्हेनच्या डोंगरात जायचं ठरलंय, ह्युगेनॉटांचा, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंटांचा, इतिहास बघायचाय आणि गाडी भाड्याने घेणार आहात, असं धरून चालतो. प्रश्न मुक्कामाचा. आम्ही दोन्ही गावांत राहिलोय.

देखणेपणात ल पाँ-द-माँव्हेर पुढे, यात वाद नाही. तार्न नदीवरचा दगडी पूल, त्याच्या टोकाचा घड्याळाचा मनोरा आणि मागे माँ लोझेरचा डोंगर. जुलै १७०२ मध्ये आबे द्यु शायला या कॅथलिक धर्माधिकाऱ्याने डांबलेल्या प्रोटेस्टंटांना सोडवायला माणसं आली ती इथेच. त्यात आबे मारला गेला आणि कामिझारांचं, म्हणजे इथल्या प्रोटेस्टंट बंडखोरांचं, बंड पेटलं.

पण गाव बघून लवकर होतं, आणि मग जिथे जायचं तिथे वळणं. आमच्या घरात दोघांना गाडी लागते. आंबेनळी घाट उतरलेली माणसं, तरी इथे दर थोड्या वेळाने थांबावं लागायचं. दक्षिणेकडच्या खोऱ्यांत जाऊन परत यायचं म्हणजे दिवस गेलाच, आणि संध्याकाळी कुणाला जेवण नको. या वळणावळणांच्या दऱ्यांमुळेच मूठभर बंडखोर चौदाव्या लुईच्या फौजेला पुरून उरले, हे मान्य. पण पोट ढवळत असताना इतिहासाचं कौतुक राहत नाही.

सँ-जाँ-द्यु-गार त्यामानाने साधंसं गाव. मंगळवारचा बाजार चांगला. पेलार्दों हे बकरीच्या दुधाचं चीज तिथेच घ्या. खरा फायदा म्हणजे मियालेची मा सुबेराँ वाडी जवळ आहे. बंडाचा म्होरक्या रोलां याच्या घरात तिथे म्युझे द्यु देझेर हे संग्रहालय आहे. १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांना उपासनेची मोकळीक देणारा नाँतचा हुकूमनामा रद्द झाल्यावर शंभरेक वर्षं लोक रानात लपून प्रार्थना करत. तेव्हाचं घडी करून लपवता येणारं व्यासपीठ मी बराच वेळ बघत उभा होतो. आँद्यूझचं भलंमोठं प्रार्थनाघर, १८५६ पासूनची बांबूची बाग आणि या दोन्ही ठिकाणांना सँ-जाँशी जोडणारी १३ किलोमीटरची वाफेची गाडी, हे सगळं याच बाजूला. मुलं असतील तर हा दिवस फुकट जात नाही.

उणं काय? उकाडा. जुलैत खोऱ्यात हवा हलत नाही आणि आमच्या खोलीत पंखाही नव्हता. वर पाँ-द-माँव्हेरला रात्री पांघरूण लागायचं. पायी फिरणारे असाल तर माझं ऐकू नका, वरच राहा, जी.आर. ७० ही पायवाट गावातूनच जाते.

बाकीच्यांनी सँ-जाँला राहून एक दिवस वर जाऊन यावं, असं आपलं माझं मत. जाताना फ्लोराकपर्यंत कॉर्निशचा रस्ता घ्या. कामिझारांपर्यंत फौज पोहोचावी म्हणून रुंद केलेला हा रस्ता बराचसा डोंगराच्या धारेवरून जातो. आमच्याकडे त्यावर कुणाला उलटी झाली नाही. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी मा सुबेराँला हजारो प्रोटेस्टंट जमतात. तेव्हा जाणार असाल तर खोली फार आधी बघा.