सोशल ऑडिट सेवा: फी कारखान्याची, अहवालही कारखान्याचाच

कारखान्यात बालमजुरी, वेठबिगारी, बुडवलेला पगार, कोंडून ठेवलेले कामगार असं काही चालतं का, हे बाहेरच्या एजन्सीकडून तपासून घेण्याला सोशल ऑडिट म्हणतात. अशा तपासणीवर मिळणारं एसए8000 हे प्रमाणपत्र 1997 पासून आहे, सेडेक्स या संस्थेची स्मेटा ही ऑडिटची पद्धत तर खरेदीदार कंपन्यांच्या रोजच्या बोलण्यातली. मस्टर आणि पगारपत्रक तपासून घ्यायचं असेल तर सेवा बरी आहे. कामगाराचा जीव सुरक्षित आहे की नाही हे कळावं म्हणून घेत असाल, तर पाचपैकी दीड गुण, आणि तोही चांगला ऑडिटर मिळाला तर.

दोष शोधायचा तर करारनाम्यात शोधा. बहुतेक वेळा फी कारखाना भरतो, म्हणून अहवाल कारखान्याच्या मालकीचा होतो. तो कोणाला दाखवायचा हेही तोच ठरवतो. गोपनीयतेच्या कलमामुळे ऑडिटरला सापडलेली गोष्ट कामगारांना किंवा युनियनला सांगता येत नाही. कुलूप लावलेलं संकटकालीन दार दिसलं की ‘मेजर नॉन-कन्फॉर्मन्स’ (गंभीर त्रुटी) अशी नोंद होते, दुरुस्तीला मुदत मिळते, अहवाल मेलने जातो. त्या दाराच्या आत मशीनवर बसलेल्या बाईला मात्र पत्ताच नसतो, की कोणीतरी ते कुलूप पाहून गेलं.

कराचीच्या बल्दिया टाऊनमधल्या अली एंटरप्रायझेस या कपड्याच्या कारखान्याला 11 सप्टेंबर 2012 रोजी आग लागली. 250 हून अधिक कामगार गेले. खिडक्यांना लोखंडी गज होते, बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. जेमतेम काही आठवडे आधी या कारखान्याला एसए8000 प्रमाणपत्र मिळालं होतं. ते रिना या इटालियन कंपनीच्या नावाने निघालेलं, प्रत्यक्ष तपासणी स्थानिक उपकंत्राटदाराकडे. आग खंडणीसाठी लावली गेली, असा निकाल कराचीच्या न्यायालयाने 2020 मध्ये दिला. पण आग कोणीही लावो, दारं उघडी असणं हा तपासणीच्या यादीतला अगदी पहिल्या पानावरचा मुद्दा आहे. मुख्य खरेदीदार जर्मनीची किक कंपनी. तिच्याविरुद्धचा डॉर्टमुंडमधला दावा जानेवारी 2019 मध्ये मुदतबाह्य म्हणून फेटाळला गेला.

दुसरी पळवाट म्हणजे ‘हे आमच्या कक्षेत नव्हतं’. 24 एप्रिल 2013 रोजी बांगलादेशातल्या सावरची राणा प्लाझा ही कपड्याच्या कारखान्यांची इमारत कोसळली आणि किमान 1,134 माणसं मेली. आतल्या काही कारखान्यांची सोशल ऑडिटं झालेली होती. इमारतीची मजबुती सोशल ऑडिटमध्ये मोडत नाही, असं नंतर सांगण्यात आलं. तांत्रिकदृष्ट्या ते खरंही आहे, आणि म्हणूनच ऑर्डर देण्याआधी कक्षेचं पान नीट वाचायचं. आदल्या दिवशी भेगा दिसल्यावर त्याच इमारतीतल्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली होती. शिवणकाम करणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं गेलं.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. काहीशे कामगारांच्या कारखान्याला एकदोन ऑडिटर, दोनेक दिवस, पंचवीस-तीस मुलाखती असा साधारण हिशोब असतो. तारीख आधी कळवलेली असली की दुसरं मस्टर तयार होतं, लहान मुलं त्या दिवशी घरी राहतात, मुलाखतीची उत्तरं पाठ करून घेतली जातात. जाणता ऑडिटर हे पकडतो. कपड्याच्या कारखान्यात तुटलेल्या सुयांची वही असते. रविवारी सुई तुटल्याची नोंद आहे पण मस्टरमध्ये रविवारी सुट्टी आहे, म्हणजे हजेरी खोटी. गेटवरचं रजिस्टर, रात्रीचा वीजवापर, माल निघाल्याच्या वेळा या नोंदीही अशाच जुळवून पाहायच्या. सगळ्यांची हजेरी रोज ठोक नऊला पडत असेल तर ती माणसांनी लावलेली नाही. मुलाखत सुपरवायझरच्या केबिनशेजारी घेतली असेल तर ती वाचायचेही कष्ट घेऊ नका. कामगाराच्या वस्तीवर, कामाच्या वेळेबाहेर घेतलेल्या चार मुलाखती जास्त सांगून जातात, फक्त त्यांचे पैसे कोणी मोजायला तयार नसतं.

जिथे खरं बोलल्यावर तुरुंगात जावं लागतं तिथे ही सेवा विकूच नये. चीनमधल्या शिनजियांगवर उइघुरांकडून सक्तीने काम करून घेतल्याचे आरोप आहेत; तिथे 2020 मध्ये ब्युरो व्हेरिटास, ट्यूव्ह झ्यूद, रिना यांच्यासह पाच संस्थांनी तिथली कामगार ऑडिटं थांबवली. हा निर्णय बरोबर होता. कापसाला प्रमाणित करणाऱ्या बेटर कॉटन इनिशिएटिव्हनेही त्याच वर्षी तिथलं काम बंद केलं, पण कारण सांगणारं निवेदन 2021 मध्ये संकेतस्थळावरून दिसेनासं झालं. बाहेर पडायचं आणि कारण गिळायचं, याला अर्धेच गुण. फोक्सवॅगनने तर 2023 मध्ये शिनजियांगची राजधानी उरुम्चीतल्या संयुक्त प्रकल्पात ऑडिट करून घेतलं आणि जाहीर केला तो फक्त गोषवारा: सक्तीच्या कामाचा पुरावा नाही. कामगार मोकळेपणाने बोलू शकत नसतील, तर ‘काही आढळलं नाही’ या वाक्याला काय अर्थ उरतो, हे गोषवारा सांगत नाही.

तुलनेसाठी बांगलादेशचा अकॉर्ड, म्हणजे कारखान्यांच्या सुरक्षेचा करार घ्या. राणा प्लाझानंतर मे 2013 मध्ये झालेल्या या करारात ब्रँड आणि युनियन समान पक्ष होते. इंजिनिअरांचे तपासणी अहवाल जाहीर व्हायचे. दुरुस्ती न करणाऱ्या कारखान्याकडून माल घेणं थांबवावं लागायचं, आणि ब्रँडने शब्द मोडला तर लवाद होता. एका बड्या ब्रँडला जानेवारी 2018 मध्ये 23 लाख डॉलरला तडजोड करावी लागली. व्याप्ती मर्यादितच होती; पगार आणि युनियन फोडण्याचे प्रकार बहुतांशी बाहेर राहिले. तरीही चार गुण, कारण इथे गप्प राहणं महाग पडायचं.

तरीही ऑडिटच घ्यायचं असेल तर फी खरेदीदाराने भरावी. जिवाला धोका दिसल्यास ऑडिटरने त्याच दिवशी कामगारांना, त्यांच्या भाषेत, सांगायचं असं कलम घालून घ्या. उपकंत्राट द्यायचं तर लेखी परवानगी. तारीख न कळवता भेट. मागचे दोन अहवाल मागवा आणि नोंदी शेजारी शेजारी ठेवा: एकच दोष दोन्हींत असून शेवटी ‘दुरुस्त’ असा शेरा असेल, तर ती दुरुस्ती फोटोवरून मंजूर झाली का हे विचारा. दुरुस्तीचा खर्चही मालाच्या दरात धरा. दर तोच ठेवून, आठवड्यात डिलिव्हरी मागून ओव्हरटाइम कमी करायला सांगितलं, तर पुढच्या भेटीत मस्टर अगदी स्वच्छ मिळेल आणि सुयांची वही हरवलेली असेल.