कर्नल अडला की हातात काय उरतं? इनिटरॅमएफएस लावून आणि न लावता

एलएफएस (लिनक्स फ्रॉम स्क्रॅच) किंवा जेंटू, म्हणजे सोर्सपासून तयार करायचं लिनक्स, स्वतः बांधायला घेतलं की कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कन्फिगपाशी एक निर्णय घ्यावाच लागतो. रूट डिस्कपर्यंत, म्हणजे जिच्यावर सगळी सिस्टिम आहे तिथपर्यंत, पोचवणारे ड्रायव्हर कर्नलमध्येच बसवायचे, की मॉड्यूल म्हणून वेगळ्या फाइलींत बाहेर ठेवून सोबत इनिटरॅमएफएसची इमेज, म्हणजे बूट होताना आधी मेमरीत उघडणारी छोटी फाइल सिस्टिम, द्यायची? आणि इमेज द्यायची तर ती ड्रॅकट या इमेज बनवणाऱ्या साधनाकडून करून घ्यायची की हाताने? यावरच्या गप्पा बहुतेक वेळा बूटला किती सेकंद लागतात तिकडे घसरतात. मला तो मुद्दा गौण वाटतो. हाताने बांधलेली सिस्टिम एकदा तरी अडतेच. अडल्यावर पडद्यावर काय दिसतं आणि आपल्या हातात काय उरतं, ते बघून ठरवा.

आधी इमेजशिवायचा मार्ग. डिस्कचा कंट्रोलर आणि रूटची फाइल सिस्टिम, दोन्हींना 'एम' (मॉड्यूल) न देता 'वाय' (कर्नलमध्येच) द्यायचं. एलएफएस मुळात याच वाटेने नेतं. मधे इमेजच नाही, त्यामुळे ती जुनी राहिली, भलत्या व्हर्जनची बनली, असल्या भानगडी नाहीत. पण चुकलं की थेट पॅनिक, म्हणजे कर्नल तिथेच कोसळतो. शेल नाही, कीबोर्ड मेलेला. पडद्याचा मोबाईलने फोटो काढायचा आणि झूम करून वाचत बसायचं.

सुदैवाने त्या फोटोत बरंच काही असतं. 'व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक' या ओळीत पुढे कंसात दोन आकडे येतात, तिथे बोट ठेवा. (०,०) असेल तर कर्नलला ते डिव्हाइसच सापडलेलं नाही. (८,२) किंवा (२५९,२) असं काही असेल तर डिस्क दिसली, पार्टिशनही दिसलं, आणि बहुधा एक्स्ट४ किंवा बीटीआरएफएस या, रूटवर जी असेल त्या, फाइल सिस्टिमला 'वाय' द्यायचं राहिलंय. ८ हा एसडीए-छापाच्या डिस्कचा क्रमांक, २५९ एनव्हीएमई एसएसडीचा. त्या ओळीच्या जरा वर कर्नल त्याला दिसलेल्या पार्टिशनांची यादीही छापतो. ती रिकामी असेल तर फाइल सिस्टिमच्या मागे लागूच नका.

माझ्या लॅपटॉपवर (०,०) आलं आणि यादीही रिकामी. एनव्हीएमईला 'वाय' दिलेलं होतं, तीनदा तपासलं. दोन संध्याकाळी वाया गेल्यावर लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून 'एलएसपीसीआय -के' (कोणत्या हार्डवेअरला कोणता ड्रायव्हर ते दाखवणारी कमांड) चालवलं, तेव्हा कळलं की बायोसमध्ये व्हीएमडी हा इंटेलचा डिस्क कंट्रोलर चालू आहे आणि डिस्क त्या कंट्रोलरच्या आड बसली आहे. व्हीएमडीला मी 'एम' दिलं होतं. म्हणजे ते मॉड्यूल त्याच डिस्कवर, जिच्यापर्यंत पोचायला तेच मॉड्यूल हवं. किल्ली आत आणि आपण दाराबाहेर!

याच मार्गावरचा दुसरा खड्डा यूयूआयडीचा, म्हणजे फाइल सिस्टिमच्या ओळख क्रमांकाचा. 'रूट=यूयूआयडी' हे कर्नलला स्वतःला कळत नाही. फाइल सिस्टिमचा यूयूआयडी वाचायचं काम इमेजमधली साधनं करतात. इमेज नसेल तर 'रूट=पार्टयूयूआयडी' (पार्टिशनचा ओळख क्रमांक) लिहा, कारण पार्टिशन टेबल कर्नल स्वतः वाचतो. रूट यूएसबीवर असेल तर 'रूटवेट'सुद्धा द्या, नाहीतर डिस्क जागी होण्याआधीच कर्नल हात टेकतो.

लक्स एन्क्रिप्शन, एलव्हीएम (डिस्कची लवचीक विभागणी), १.x मेटाडेटाचं सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणं) किंवा सिस्टिमडी या इनिटबरोबर वेगळ्या पार्टिशनवरची यूएसआर डिरेक्टरी, यांतलं काहीही असेल तर चर्चा संपली. इनिटरॅमएफएस लावा.

आता ड्रॅकट. यात मला सगळ्यात आवडतं ते हे की अडल्यावर शेल मिळतं. कर्नलच्या ओळीत 'आरडी.ब्रेक' लिहिलं की रूटवर उडी मारण्याआधी तो थांबतो. मग 'ब्लकआयडी' चालवून दिसलेल्या डिस्क तपासा, 'एलएसमॉड'ने चढलेली मॉड्यूल बघा, मॉड्यूल हाताने चढवा. इमेजमध्ये काय भरलंय ते 'एलएसइनिटआरडी' आधीच दाखवतं. नुसतं 'सीपीआयओ' हे इमेज उलगडणारं साधन लावून बघायला गेलात तर कधीकधी फक्त मायक्रोकोड (प्रोसेसरचं फर्मवेअर) दिसतो आणि इमेज रिकामी आहे असं वाटतं. तो भाग पुढे वेगळा जोडलेला असतो, खरा माल त्याच्या मागे.

एलएफएसवाल्यांनी मात्र इथे सांभाळावं. क्रूटमध्ये, म्हणजे यजमान सिस्टिमवरूनच नव्या सिस्टिमच्या डिरेक्टरीत शिरून काम करताना, 'युनेम -आर' यजमान सिस्टिमच्या कर्नलचं व्हर्जन सांगतं, आपल्या नव्या कर्नलचं नाही. म्हणून ड्रॅकटला 'केव्हर' देऊन व्हर्जन स्पष्ट सांगायचं, आणि पहिल्या खेपेला 'नो-होस्टओन्ली' वापरायचं, म्हणजे फक्त याच मशीनपुरते नव्हे, सगळे ड्रायव्हर भरले जातात. इमेज जाडजूड होईल, होऊ द्या.

हाताने इमेज बनवणं हा मधला मार्ग. स्टॅटिक बिझीबॉक्स (शेल आणि नेहमीच्या कमांड एकाच फाइलीत), चारपाच डिरेक्टरी आणि वीसेक ओळींची इनिट स्क्रिप्ट, म्हणजे कर्नल सगळ्यात आधी चालवतो ती. शिकायला याच्यासारखं दुसरं काही नाही, पण चुका फसव्या. स्क्रिप्ट जागेवर असूनही 'फेल्ड टू एक्झिक्यूट इनिट, एरर -२' आलं तर इनिट नव्हे, ती चालवणारं शेल किंवा त्याची लायब्ररी गायब आहे. एरर -१३ आलं तर बहुधा स्क्रिप्टला एक्झिक्यूटची परवानगी द्यायची राहिली. इनिट जागेवरच नसेल, किंवा इमेज ज्या पद्धतीने दाबली ती कर्नलला येत नसेल, तर आणखी गंमत: कर्नल इमेज सोडून जुन्या वाटेने रूट शोधायला जातो आणि शेवटी तोच अननोन-ब्लॉक दाखवतो. आपण डिस्कचे ड्रायव्हर तपासत बसतो, दोष असतो इमेजमध्ये. झेडएसटीडी पद्धतीने दाबलेल्या इमेजसाठी कर्नल ५.९ किंवा पुढचा आणि कन्फिगमध्ये 'आरडी_झेडएसटीडी' चालू हवं.

मॉड्यूलची दुखणी तिन्ही मार्गांवर सारखीच. 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' आलं तर 'डीमेसग'ची (कर्नलचे संदेश) शेवटची ओळ वाचा. तिथे व्हरमॅजिक (मॉड्यूलवरचा कर्नल-व्हर्जनचा शिक्का) जुळत नसल्याचं बहुधा सापडतं, आणि कधीकधी फरक व्हर्जनच्या शेवटी गिटने चिकटवलेल्या एका '+' चिन्हाचा असतो. मॉड्यूल जागेवर असून ते चढवणाऱ्या 'मॉडप्रोब'ला सापडत नसेल तर मॉड्यूलची सूची बनवणारं 'डेपमॉड' चालवायचं राहिलंय. 'लोकलमॉडकॉन्फिग' (चढलेल्या मॉड्यूलांवरून कन्फिग बनवणारं साधन) वापरणार असाल तर आधी पेनड्राइव्ह, कॅमेरा, प्रिंटर सगळं जोडून घ्या. त्या क्षणी जे मॉड्यूल चढलेलं नाही, ते हे साधन निर्दयपणे गाळतं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर 'वाय' केलात तर त्याचं फर्मवेअरही कर्नलमध्ये किंवा इमेजमध्ये हवं, नाहीतर 'फर्मवेअर लोड फेल्ड, एरर -२' येऊन पडदा काळा.

मग निवडायचं काय? एकच मशीन, साधं एक्स्ट४, एन्क्रिप्शन नाही, तर इमेजच्या फंदात पडू नका. लॅपटॉप बाहेर नेता, लक्स हवंच आहे, तर ड्रॅकट. हाताने बनवलेली इमेज रोजच्या मशीनवर मी लावणार नाही. क्यूईएमयू या आभासी मशीनमध्ये कर्नल आणि इमेज थेट देऊन ती हवी तितक्या वेळा मोडता येते, आणि तिथे सीरियल कन्सोल लावला की पॅनिकच्या आधीच्या ओळीही टर्मिनलात मागे जाऊन निवांत वाचता येतात. माझ्या लॅपटॉपवर आज ड्रॅकट आहे, पण एनव्हीएमई, व्हीएमडी आणि एक्स्ट४ तिन्हींना 'वाय' दिलेलं आहे, आणि ग्रब या बूटलोडरमध्ये इमेज नसलेली, पार्टयूयूआयडीवाली एक जादा नोंद ठेवली आहे. इमेज बिघडली तर त्या नोंदीवरून उठायचं आणि नवी बनवायची.