सायट्रिक ॲसिडची गोणी: गाळातल्या जस्ताला उत्तम, क्रोमियमला निरुपयोगी

उत्पादन: औद्योगिक प्रतीचं सायट्रिक ॲसिड मोनोहायड्रेट, २५ किलोची गोणी. उपयोग: एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) गाळातले जड धातू काढणं, जेणेकरून त्या गाळाचं खत करता येईल. शहरी कंपोस्टला खत नियंत्रण आदेशात कोरड्या वजनाच्या किलोमागे जस्त १०००, तांबं ३००, शिसं १००, निकेल ५० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम एवढीच मुभा आहे.

जस्त, निकेल, कॅडमियम चटकन सुटतात. सल्फ्युरिक ॲसिड स्वस्त असलं तरी त्यात शिशाचं सल्फेट होऊन ते केकमध्येच (पाणी काढल्यावर उरलेल्या घट्ट गाळातच) बसतं. सायट्रिक ॲसिडमधून आलेलं सायट्रेट मात्र शिशाला पाण्यात धरून ठेवतं, आणि एवढ्यासाठीच जादा पैसे मोजावेत. तांबं सेंद्रिय पदार्थाला आणि सल्फाइडला चिकटलेलं असतं. हायड्रोजन पेरॉक्साइडची जोड दिल्याशिवाय ते पुरेसं निघत नाही. क्रोमियम यात फारसं सुटतच नाही, ते जास्त असेल तर ही गोणी घेऊच नका.

खर्चाचा हिशेब आधी करा. ०.१ मोलर तीव्रतेला (लिटरमागे ०.१ मोल) गाळाच्या घनमीटरमागे २१ किलो ॲसिड लागतं. अडीच टक्के घट्ट गाळात कोरडा माल २५ किलो, म्हणजे जवळजवळ किलोला किलो! गाळ आधी घट्ट करून घेतला तर हे प्रमाण सुधारतं. ॲसिड थोडं थोडं टाका. गाळात चुनखडी असली की कार्बन डायऑक्साइडचा फेस भसाभसा वर येतो, म्हणून टाकीचा वरचा निदान तिसरा हिस्सा रिकामा हवा. पीएच ३ च्या आसपास टिकतो का ते तासाभराने पुन्हा बघा, कारण तो वर सरकतो. ढवळणं झाल्यावर फिल्टर प्रेसमध्ये (गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्रात) केक स्वच्छ पाण्याने धुवाच. नाहीतर सुटलेले धातू केकच्या ओलीतच अडकून राहतात. शेवटी चुन्याने केकचा पीएच ६.५ ते ७ वर आणा.

निकालातली एक फसगत: ॲसिडने चुनखडीही विरघळते, केकचं वजन घटतं आणि किलोमागचा आकडा फारसा खाली येत नाही. आधी आणि नंतर धातूचं एकूण वजन काढा.

खरी डोकेदुखी निचऱ्याची, म्हणजे केकमधून निघालेल्या धातूवाल्या पाण्याची. चुना टाकून पीएच ९.५ केला तरी सायट्रेट तांब्याला सोडत नाही. पाणी नितळ दिसतं, धातू त्यातच असतो. तिथे सल्फाइड किंवा टीएमटी-१५ सारखं ऑर्गॅनोसल्फाइड (धातू खाली बसवणारं गंधकयुक्त सेंद्रिय रसायन) लागतं. डोस जार टेस्टवर (छोट्या भांड्यांत वेगवेगळं प्रमाण टाकून पाहून) ठरवावा. सल्फाइड आम्लात कधीही टाकू नका, हायड्रोजन सल्फाइड जीव घेतो. आधी पीएच ९, मग डोस. खाली बसलेला काळा गाळ घातक कचरा म्हणूनच तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या अधिकृत केंद्रात जायला हवा.

उरलेल्या पाण्यात किलोभर ॲसिडमागे सुमारे ०.६९ किलो सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) असतो. ते एकदम एरेशन टाकीत (जिथे सांडपाण्यात हवा सोडतात) सोडलं तर तिथला ऑक्सिजन जवळजवळ संपतो. साठवून, थोडं थोडं सोडा.

गोणी पावसाळ्यात दगड होते. लाकडी फळीवर, तोंड घट्ट बांधून ठेवा.