ओटीजी घेऊन सात महिने झाले, जे कळलं ते सांगते

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे केक-बिस्किटं भाजायचा छोटा विजेचा ओव्हन घेतला, आता मे चालू आहे. आम्ही परभणीचे. लहानपणी दिवाळी आली की आई रवा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायची आणि आपला नंबर लागेपर्यंत आम्ही पोरं बाहेर पायरीवर बसून राहायचो. त्या वासापायीच घेतला म्हणा ना.

नवीन घेणाऱ्यांनी आधी घरातला बोर्ड बघा. १५०० वॅटचा ओव्हन साडेसहा अँपिअर ओढतो, मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर अजिबात लावू नका. आमच्या भाऊजींनी १६ अँपिअरचा पॉईंट काढून दिला तेव्हाच मी खोकं उघडलं. पहिल्या दिवशी रिकामाच २५० डिग्रीवर वीस मिनिटं चालवायचा, खिडक्या उघड्या ठेवून. आतल्या तापणाऱ्या रॉडवरचा थर जळतो, धूर निघतो, वास लई येतो. सासूबाई घाबरून म्हणाल्या, "बंद कर गं आधी ते!" पण दुसऱ्या खेपेला वास गेला.

आता मेन गोष्ट. रेसिपीत १८० लिहिलंय म्हणून मी १८० लावलं, तर नानखटाईचं बूड काळं आणि मध्ये कच्चं. दोनदा तसंच झालं, अर्धा किलो तूप वाया गेलं, खरंच रडू आलं. मग आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मागवला, त्यात दिसलं की बटन १८० वर असताना आत २०५ आहे! तेव्हापासून १८० पाहिजे असेल तर मी १५५ लावते, पंधरा मिनिटं आधी तापवते आणि ट्रे मधल्या कप्प्यात ठेवते. थर्मामीटर ओव्हनसोबतच घ्या, माझ्यासारखं नंतर नको.

तेवढ्यानं भागलं नाही, कारण संध्याकाळी केला की केक फुगेचना. थर्मामीटर बघितला तर दीडशेच्या वर जाईना. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर आकडा १८५. भाऊजींनी समजावलं की व्होल्टेज २३० चं १८५ झालं की १५०० वॅटचा रॉड हजार वॅटसुद्धा देत नाही. आमच्याकडं संध्याकाळी दिवे पिवळे पडतात तेव्हा ओव्हनपण तसाच मंदावतो हे डोक्यातच आलं नव्हतं. मग केक दुपारीच करायला लागले.

ज्वारीचं मात्र जमलं बरं का. आमच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती ज्वारी दळून आणते, बारीक चाळते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, नुसत्या ज्वारीची नानखटाई हातात घेतली की भुगा होते, म्हणून एक वाटी ज्वारी, एक वाटी मैदा, एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, वेलची. आतलं तापमान १६० धरून अठरा-वीस मिनिटं. काढताना मऊ लागते, तेव्हा हात लावायचा नाही, ट्रेमध्येच गार होऊ द्यायची, मग कडक होते. वर भेगा पडल्या आणि कडा बदामी झाल्या की बास.

शेंगदाणेपण भाजते, १६० वर पंधरा मिनिटं, मध्ये एकदा हलवून. कढईपाशी उभं राहायला नको, आणि चटणीला सगळे दाणे सारखे भाजलेले मिळतात.

तक्रार म्हणाल तर टायमरची. तिसऱ्या महिन्यात घंटी वाजायची बंद झाली आणि मेकॅनिक सव्वा महिन्यानं आला, वॉरंटीत असूनसुद्धा! त्याचा राग अजून आहे. तोपर्यंत मोबाईलवर अलार्म लावून काम चालवलं. बिल फार वाढलं नाही, रॉड सलग चालला तरी तासाला दीड युनिट, आणि तो मधून मधून बंद होतो म्हणजे त्याहून कमीच.

या उन्हात दुपारी किचनमध्ये उभं राहवत नाही, आणि संध्याकाळी व्होल्टेज नसतं, त्यामुळं आता सकाळी सहालाच लावते, सातच्या आत ट्रे बाहेर. काल दोन ट्रे काढल्या, एक डबा आईला पाठवला. तिचा फोन आला, "भट्टीवरच्यासारखीच झालीय गं, उलीशी वेलची कमी टाक."