‘जास्पर’ म्हणून विकलेले चार स्लॅब: दगड घासण्याचा छंद असणाऱ्यांनी कृपया वाचा

साडेसहा हजार रुपये गेले, त्याचा राग आहेच. पण लिहायला बसलो ते पैशांसाठी नाही. ज्या ऑनलाइन विक्रेत्याने मला हे स्लॅब, म्हणजे घासून खडे करण्यासाठी कापलेल्या दगडाच्या चपट्या चकत्या, पाठवले, त्याच्याकडूनच आमच्या ओळखीच्या एका काकूंनीही पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा ‘बम्बलबी जास्पर’ मागवला होता. त्यांना हा छंद नुकताच लागलाय. बाल्कनीत बसून हातातल्या छोट्या ग्राइंडरवर कोरडाच घासायचा त्यांचा बेत होता, आणि घरात तीन वर्षांचा नातू. त्या दगडात आर्सेनिक असतं हे विक्रेत्याने त्यांना सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

माझ्या पार्सलमध्ये जास्परच्या चार प्रकारांच्या नावांनी चार स्लॅब होते: ओशन, बिग्ज, ‘इम्पीरियल’ आणि बम्बलबी. प्रत्येकावर खाणीच्या नावासकट चिठ्ठी, सोबत ‘नॅचरल जास्पर’ असं छापलेलं चकचकीत प्रमाणपत्र. त्यावर प्रयोगशाळेचा पत्ता नाही, सही नाही, वजनसुद्धा नाही.

माझी सवय अशी, की नवा दगड करवतीला लावण्याआधी मागच्या बाजूला चाकूचं टोक ओढून बघायचं. जास्पर म्हणजे मुळात गारगोटीच्याच जातीचा, अतिसूक्ष्म कणांचा सिलिका. कठिणपणा, 1 ते 10 च्या मोह्स मापकावर, 6.5 ते 7. त्यावर चाकू ओढला की ओरखडा पडत नाही, उलट पोलादच झिजून करडी रेघ उमटते आणि ओल्या बोटाने पुसली जाते. बम्बलबीवर टोक टेकवलं तर सरळ आत रुतलं. खाच पडली आणि काठाला पिवळी भुकटी साचली. तिच्यावर व्हिनेगरचा थेंब सोडला, तर बारीक बुडबुडे येऊ लागले. जास्परवर व्हिनेगरचा काहीही परिणाम होत नाही.

हा दगड इंडोनेशियातल्या पश्चिम जावामधल्या पापांडायान ज्वालामुखीच्या परिसरातून येतो. तो बहुतांशी कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज आहे, कठिणपणा जेमतेम 3. तो सुंदर पिवळा रंग येतो पॅरारिअल्गारमुळे, म्हणजे आर्सेनिक आणि गंधकाच्या संयुगामुळे. माहितीचे लोकही तो घासतात, पण भरपूर पाणी सोडून, चांगला श्वसनमास्क लावून, आणि तयार नगावर लेप देऊन. खरेदी करणाऱ्याला हे आधी सांगणं ही विकणाऱ्याची जबाबदारी नाही का? मी त्याला फोटो पाठवून विचारलं तर उत्तर आलं, ‘सर, पूरी दुनिया में यही नाम चलता है.’ नाव चालतं हे खरंच आहे. म्हणून तर ही फसवणूक इतकी सोपी होते.

आता ‘बिग्ज’. खरा बिग्ज हा पिक्चर जास्पर अमेरिकेत ओरेगॉनमधल्या बिग्ज जंक्शनच्या आसपास, कोलंबिया नदीकाठच्या बेसाल्टमध्ये सापडतो. आपल्या दख्खनसारखेच तिथेही लाव्ह्याचे थर एकावर एक साचलेले आहेत. तपकिरी-पिवळसर रेघांमधून टेकड्या, क्षितिज, आभाळ असं चित्र उभं राहतं, म्हणून मागणी मोठी आणि भावही तसाच. माझ्या स्लॅबवरही चित्र होतं, आणि देखणं होतं. पण पाण्याचा थेंब ठेवला तो बघता बघता आत जिरला आणि तिथे गडद डाग उमटला. दहापट भिंगाखाली वाळूचे सुटे कण स्पष्ट दिसले. तो वालुकाश्म होता. त्याला कितीही पॉलिश करा, काचेसारखी झळाळी येणार नाही. खऱ्या जास्परवर थेंब तसाच टपोरा बसून राहतो, आणि फुटलेल्या कडेला शिंपल्यासारखा गुळगुळीत वळणदार भंग दिसतो.

‘इम्पीरियल’बद्दल फार लिहीत नाही, कारण तो धड दगडही नव्हता. खरा इम्पीरियल मेक्सिकोचा असतो. हा निळा-हिरवा तुकडा म्हणजे दगडाचा चुरा राळेत बसवून रंगवलेला प्रकार होता. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा त्यावर फिरवताच बोळाच निळा झाला. भिंगाखाली भेगांमध्ये साचलेला रंग आणि हवेचे गोल बुडबुडे दिसले. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आधी कोरडा, मग दोऱ्याने पाण्यात लटकवून मोजला, तर घनता दोनच्या आसपास आली. जास्परची साधारण 2.6 यायला हवी.

चौथा, ओशन, मात्र अस्सल निघाला. मादागास्करच्या किनाऱ्यावरचा, भिंगाखाली वर्तुळांत वर्तुळं, मध्ये खळगे आणि त्यात बारीक स्फटिक. ह्याच एका अस्सल स्लॅबचे व्हिडिओ दाखवून त्याने उरलेले तीन गळ्यात मारले, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याचा सापळा नीट समजून घ्या. सगळे फोटो पाण्याने ओले करून काढलेले. ओल्या दगडाचे रंग खुलतात, छिद्रं आणि भेगा लपतात. शंका काढली की तो म्हणतो, ‘एक छोटा तुकडा कापून बघा, आतून अप्रतिम आहे.’ आणि बिलाऐवजी पाठवलेल्या मेसेजच्या तळाशी लिहिलेलं असतं, की कापलेला माल परत घेतला जाणार नाही. म्हणजे तपासायला कापलात की हक्क गेला. मी कापला नव्हता, तरी पैसे आले नाहीत. दोन दिवस ‘मालकांशी बोलतो’ म्हणाला, मग नंबर ब्लॉक. पैसे यूपीआयने एका खासगी खात्यावर घेतलेले, जीएसटीचं बिल नाही.

जास्पर म्हणून विकले जाणारे, पण जास्पर नसलेले दगड आणखीही आहेत. ‘पिकासो जास्पर’ हा अमेरिकेतल्या यूटामधला संगमरवरी दगड, आम्लाने फसफसतो. ‘डाल्मेशियन’ मेक्सिकोतला अग्निजन्य खडक, त्यातले काळे ठिपके वेगळ्याच खनिजाचे. ‘लेपर्डस्किन’ हा रायोलाइट, म्हणजे ज्वालामुखीचा खडक. हिरव्या वर्तुळांचा ‘कंबाबा’ आजही शेवाळाचा जीवाश्म म्हणून खपवला जातो, पण तोही ज्वालामुखीचा खडक आहे. हे दगड वाईट नाहीत, मी स्वतः डाल्मेशियनचे कॅबोशॉन, म्हणजे घुमटासारखे गुळगुळीत खडे, आवडीने करतो. पण खडक वेगळा म्हणजे घासायची रीत वेगळी, पॉलिश वेगळं आणि किंमतही वेगळी.

अस्सल जास्परची धूळसुद्धा निरुपद्रवी नाही. गुजरातमधल्या खंबायतला अकीक (जास्परसारखाच सिलिकाचा दगड) घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिसने, म्हणजे सिलिकाच्या धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराने, किती छळलंय, हे अनेक वर्षांपासून नोंदलेलं आहे. त्यामुळे दगड कोणताही असो, कोरडा घासू नका. बाल्कनीत तर नकोच.

काकूंना मी त्याच संध्याकाळी फोन केला. नशिबाने ग्राइंडर अजून लावला नव्हता. दगड दुहेरी पिशवीत बंद करून, वर ‘आर्सेनिक, उघडू नये’ असं लिहून त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलाय.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. ऑनलाइन पैशांची फसवणूक असेल तर सायबर हेल्पलाइनला, 1930 वर, जितक्या लवकर कळवाल तितकं बरं. चॅटचे स्क्रीनशॉट, यूपीआय व्यवहाराचा क्रमांक आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा.

आणि कोणी हा पिवळा दगड आधीच कोरडा घासला असेल, तर ती जागा झाडू नका, पंखाही लावू नका. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका, अंगावरचे कपडे वेगळे धुवा, लहान मुलांना तिथे फिरकू देऊ नका. खोकला, मळमळ किंवा पोटात दुखणं असं काही जाणवलं तर डॉक्टरांना दगडात आर्सेनिक आहे हे आवर्जून सांगा.