एइकाइवा की शाळा? जपानला इंग्रजी शिकवायला निघालेल्यांसाठी

गेल्या दोन-तीन महिन्यांत चौघांनी मला हाच प्रश्न विचारला, की जपानमध्ये इंग्रजी शिकवायला जायचं पक्कं आहे, आता एइकाइवा घेऊ की शाळेतली एएलटीची नोकरी घेऊ. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकतो. मी दोन्ही केलंय, आधी दोन वर्षं साइतामात स्टेशनसमोरच्या एका एइकाइवात आणि मग तीन वर्षं इबाराकीतल्या छोट्या गावांच्या शाळांमध्ये. त्यामुळे खाली जे आहे ते माझ्या अनुभवापुरतं, दुसऱ्या कुणाला अगदी उलट अनुभव आलेला असू शकतो. एइकाइवा म्हणजे खासगी इंग्रजी क्लास आणि एएलटी म्हणजे सरकारी शाळेतला सहायक शिक्षक, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

आधी जेटचं, म्हणजे शाळांसाठी परदेशी शिक्षक नेणाऱ्या जपान सरकारच्या योजनेचं सांगून टाकतो. जेटमध्ये निवड झाली असेल तर विचार करत बसू नका, सरळ जा. 1987 पासून सरकारच चालवतंय, एप्रिल 2025 पासून पहिल्या वर्षाचा पगार 40 लाख 20 हजार येन झालाय आणि जास्तीत जास्त 5 वर्षं राहता येतं. पण भारतातून जेटवर जाणारे अगदी थोडे, म्हणून आपल्यापैकी बहुतेकांपुढे खरी निवड असते ती एइकाइवा आणि हाकेन एएलटी यांच्यात. हाकेन म्हणजे मधली कंपनी तुम्हाला नोकरीला ठेवते आणि गावाच्या शिक्षण मंडळाला पुरवते.

पैशात एइकाइवा पुढे आहे, हे मान्य करायलाच हवं. मला तिथे महिन्याला अडीच लाख येनच्या थोडे वर मिळायचे, बाराही महिने. हाकेनमध्ये आकडा थोडा कमी आणि वर ऑगस्टमध्ये शाळा बंद म्हणून पगार कापला जातो, माझ्या पहिल्या ऑगस्टला निम्म्याहून कमी हातात आले आणि नेमकं दुसऱ्याच आठवड्यात गाडीचा इन्शुरन्स भरायचा होता. घरी हप्ते चालू असतील, बहिणीचं लग्न तोंडावर असेल, तर हा फरक लहान नाही. शिवाय हाकेनच्या करारात आठवड्याचे तास साडेएकोणतीस असे लिहिलेले दिसले तर तिथेच थांबून शाकाइ होकेन, म्हणजे नोकरीतून मिळणारा आरोग्य विमा आणि पेन्शन, मिळणार का ते विचारा, नाहीतर दोन्ही आपल्या खिशातून. आणि दोन्हीकडे सारखीच असलेली एक गोष्ट, रहिवासी कर पहिल्या वर्षी येत नाही, दुसऱ्या वर्षी जूनपासून मागच्या वर्षाच्या कमाईवर येतो, तेव्हा पहिल्या वर्षीचा हात सैल सोडू नका.

राहण्याच्या सोयीतही एइकाइवा बरा. क्लास स्टेशनजवळच असतो, गाडी लागत नाही, तोक्यो जवळ. मला रविवार-सोमवार सुट्टी असायची, मग तोक्योतल्या निशी-कासाइला जाऊन पोहे, तूरडाळ, गोडा मसाला घेऊन यायचो. तिथे एदोगावा वॉर्डात आपली इतकी माणसं राहतात की रस्त्यात मराठी कानावर पडतं. गावच्या शाळेला गेलात की हे सगळं महिन्यातून एकदा.

शिकवण्याचं म्हणाल तर तिथेही एइकाइवाला वरचे मार्क द्यावे लागतील. वर्ग तुमचा असतो, समोर तीन-चार जण, कधी एकटाच, आणि ते स्वतःच्या पैशाने आलेले, त्यांना शिकायचंच असतं. सहा महिन्यांत माणूस बोलायला लागलेला डोळ्यांनी दिसतो. माझी एक विद्यार्थिनी एइकेनच्या, म्हणजे जपानमधल्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, तिसऱ्या लेव्हलच्या तोंडी परीक्षेसाठी दर शनिवारी यायची, पास झाल्यावर रिझल्टचा कागद घेऊन पावसात धावत आली, तो दिवस मी विसरणार नाही. शाळेत हे सुख क्वचित. तिथे 35 मुलं, मुख्य शिक्षक दुसरेच, आणि ज्युनियर हायस्कूलमध्ये तर कित्येक तास असे जातात की तुम्ही धडा वाचायचा, मुलांनी मागून म्हणायचं, संपलं. तासाची ठरवाठरवी कॉरिडॉरमध्ये चालता चालता तीन मिनिटांत होते. हे ज्याला सहन होणार नाही त्याने शाळेत जाऊ नये असं मी मनापासून सांगतो.

मग मी एइकाइवा का सोडला? पगार नाही, रात्री नऊपर्यंतची ड्यूटी नाही, पुस्तकं खपवायला लावतात तेही नाही (लावतात, पण त्याची सवय होते). मी सोडला तो दोन लेसनमधल्या 5 मिनिटांमुळे.

आमच्याकडे लेसन 40 मिनिटांचा आणि मध्ये 5 मिनिटं, दिवसाला सात-आठ लेसन. या 5 मिनिटांत काय काय करायचं ते सांगतो. जाणाऱ्याला दारापर्यंत सोडायचं, त्याच्या फाइलमध्ये आज काय झालं ते लिहायचं, पुढच्या वेळेचं पान लिहायचं, पुढच्याची फाइल काढायची, मागच्या शिक्षकाने त्यात काय लिहिलंय ते वाचायचं, टेबल पुसायचं, लहान मुलांचा वर्ग असेल तर कार्ड मांडायची आणि हसत दार उघडायचं. पाणी प्यायचं राहून जातं. ऐकायला ही बारीकशी गोष्ट वाटते, मलाही पहिल्या महिन्यात वाटली होती. पण रोज सात वेळा, आठवड्याला पस्तीस वेळा, दोन वर्षं, मग ती 5 मिनिटं अंगात भिनते, सुट्टीच्या दिवशी कुणाशी बोलतानासुद्धा नजर घड्याळाकडे जाते.

एक आजोबा दर गुरुवारी संध्याकाळी यायचे. पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त, हातात नेहमी पेन्सिल, खोडरबर वेगळं कागदात गुंडाळून आणलेलं. एकदा शेवटच्या दहा मिनिटांत पुस्तक मिटून ते बायकोचं सांगायला लागले. ऑपरेशन झालं होतं, आता घरी आणलंय, जेवण मीच करतो, पण ती खात नाही. एवढं सांगायला त्यांना फार वेळ लागला, एकेक शब्द डिक्शनरीत शोधत होते, मी मधे शब्द पुरवला तर हात वर करून थांबवायचे, स्वतःच सांगायचं होतं त्यांना. आणि बेल वाजली. काचेच्या दाराबाहेर पुढचा मुलगा दप्तर घेऊन उभा, शेजारी त्याची आई. आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, वाक्य अर्धं टाकलं, उठून वाकून मलाच सॉरी म्हणाले आणि गेले. फाइलमध्ये मी काय लिहिलं? पान 45 पर्यंत झालं. पुढच्या गुरुवारी आले ते बसतानाच म्हणाले, आज पान 46, प्लीज. बायकोबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत आणि मलाही विचारायची जागा मिळाली नाही, कारण विचारलं असतं तर ते 40 मिनिटांत मावलं नसतं. त्या रात्री घरी पोचलो तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सव्वासहा झाले होते, आईला फोन केला, ती देवापाशी दिवा लावत होती. तिच्याशी बोलतानाच ठरवलं की शाळेत जागा मिळते का बघायचं.

शाळेत वेळ सांडतो, आणि मला तोच हवा होता. सकाळी सव्वाआठला शोकुइनशित्सुमध्ये, म्हणजे शिक्षकांच्या खोलीत, तुमचं स्वतःचं टेबल असतं. तास चार किंवा पाच, मधे रिकामा वेळ, वीस मिनिटांची मधली सुट्टी त्यात मुलं ओढून डॉजबॉल खेळायला नेतात. दुपारी क्युशोकु, म्हणजे शाळेचं जेवण, वर्गातच मुलांबरोबर, पांढरे डगले आणि टोप्या घालून मुलंच वाढतात, सगळ्यांना मिळाल्याशिवाय कुणी चमच्याला हात लावत नाही. जेवण झालं की सोजी, सगळी शाळा मिळून शाळा झाडते-पुसते, शिक्षकांसकट. कागदोपत्री तिथे एएलटीचं काही काम नसतं. पण मला विचाराल तर एएलटीची खरी नोकरी या जेवणाच्या आणि सोजीच्या तासाभरातच आहे.

पाचवीत एक मुलगी होती, वर्गात तोंड म्हणून उघडायची नाही. 2020 पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा मार्कांचा विषय झाला, वर्षाला 70 तास, त्यामुळे न बोलणाऱ्या मुलांवर दडपण असतंच, आणि तिच्या शिक्षिकाबाईंनी सगळं करून पाहिलं होतं. एका दिवशी सोजीला आमच्या दोघांच्या वाट्याला जिन्यासमोरचा पॅसेज आला. ती फडकं पिळून उभी राहिली, फरशीकडे बघितलं, मग बोटाने मधोमध एक रेघ मारल्यासारखं केलं आणि म्हणाली, यू, हिअर. आय, देअर. आणि गुडघ्यावर बसून पुसायला लागली. शिकवणी नव्हती, मार्क नव्हते, तिला काम वाटून घ्यायचं होतं आणि मला जपानी कमी येतं हे तिला ठाऊक होतं. मार्चपर्यंत आमचं त्या पॅसेजमध्ये बरंच बोलणं झालं, सगळं तसंच, दोन-दोन शब्दांचं. वर्गात तशी ती गप्पच राहिली, हेही सांगायला हवं.

आता शाळेची खरी दुखरी बाजू, जी जाहिरातीत नसते. बरीच गावं हाकेन कंपनीचं कंत्राट टेंडरने देतात, एप्रिल ते मार्च. कंपनी टेंडर हरली की तुम्ही कितीही चांगले असा, त्या गावातून उठायचं. माझ्यावर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ही वेळ आली. मार्चच्या चोवीस तारखेला कळलं, मुलांची सुट्टी लागत होती, धड निरोपही घेता आला नाही, आणि एक एप्रिलपासून 40 मिनिटं लांबच्या दुसऱ्या गावात. तो राग अजून गेलेला नाही. त्यामुळे एखाद्या शिक्षण मंडळाने थेट स्वतःकडे घेतलेली जागा दिसली तर हाकेनपेक्षा ती धरा, पैसेही बरे असतात आणि मधे कुणी नसतं. आणि एइकाइवा म्हणजे पक्की नोकरी असंही समजू नका, 2007 च्या ऑक्टोबरमध्ये नोव्हा ही मोठी एइकाइवा कंपनी बुडाली तेव्हा हजारो परदेशी शिक्षकांचे पगार अडकले होते.

गाडीचं म्हणाल तर गावात ती लागतेच. आपलं इंटरनॅशनल परमिट जपानमध्ये उतरल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष चालतं, भारतातूनच काढून न्या, वर्ष संपायच्या आत जपानी लायसन्स करून घ्या. भारतीयांना त्यासाठी लेखी आणि गाडी चालवून दाखवायची अशा दोन्ही परीक्षा असतात आणि चालवायच्या परीक्षेत वळणाआधी मान वळवून मागे बघितलं नाही की मार्क जातात, मला तीन फेऱ्या लागल्या.

जेवण. मी रत्नागिरीकडचा, मासे खाणारा, त्यामुळे क्युशोकु मला आवडायचं, मॅकरेल आणि भात असला की घरचंच वाटायचं. शाकाहारी असाल तर मात्र साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही दाशी म्हणजे माशाचा अर्क असतो हे लक्षात ठेवा. डबा नेला तर सहसा कुणी नाही म्हणत नाही, फक्त पहिल्या आठवड्यातच उपमुख्याध्यापकांना स्पष्ट सांगा, आयत्या वेळी ताट परत करणं तिथे वाईट दिसतं. एइकाइवात हा प्रश्नच नाही, आपला डबा आपण खायचा, अर्थात वेळ मिळाला तर.

व्हिसा दोन्हीचा वेगळा आहे. शाळेसाठी इन्स्ट्रक्टर, एइकाइवासाठी ह्युमॅनिटीजवाला, आणि एकावरून दुसऱ्यावर जायचं तर बदलून घ्यावा लागतो, मला महिन्याच्या वर लागला, म्हणून एप्रिलची जागा हवी असेल तर जानेवारीत हालचाल सुरू करा. शाळेच्या व्हिसासाठी आपल्याला 12 वर्षं इंग्रजी माध्यमातून शिकल्याचा पुरावा लागतो, शाळेकडून आणि कॉलेजकडून तसं पत्र निघण्याआधीच घेऊन ठेवा, तिथून मागवत बसलं की महिना जातो. मराठी माध्यमातून शिकलेल्यांसाठी ही वाट अवघड होते, त्यांनी आधी एइकाइवाकडेच बघावं.

आपल्यातला माणूस तिथल्या शाळेत कुठवर जाऊ शकतो याचं उदाहरणही आहे. योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये एदोगावा वॉर्डच्या असेंब्लीवर निवडून आले आणि पुढे इबाराकीतल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. एएलटीच्या वाटेने नव्हे, त्यांची वाट वेगळी, पण माझ्या शाळेतले शिक्षक त्यांचं नाव घेऊन माझ्याशी बोलायला यायचे, म्हणून सांगितलं.

तर तुम्हाला शहर हवं, पगार नियमित हवा, मोठ्या माणसांना शिकवायला आवडतं आणि घड्याळाचा त्रास होत नाही, तर एइकाइवा घ्या, वाईट नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर ऑगस्टचा कापलेला पगार आणि तो मार्च धरूनही, परत जायचं झालं तर मी शाळेतच जाईन. इंटरव्ह्यूला एइकाइवावाल्यांना विचारा की दोन लेसनच्या मधे किती मिनिटं असतात आणि त्यात काय करायचं असतं, आणि हाकेनवाल्यांना विचारा की ऑगस्टला हातात किती येतात आणि या गावचं कंत्राट किती वर्षांपासून आहे. उत्तर गोलगोल आलं तर पुढची कंपनी बघा.

आणि शाळा ठरली तर वर्गात घालायचे बूट इथूनच घेऊन जा, साधे, फरशीवर डाग न पाडणाऱ्या सोलचे. पाय नऊ नंबरच्या पुढचा असेल तर गावातल्या दुकानात साइझ मिळत नाही, मी पहिला आठवडा पाहुण्यांच्या सपाता घालून जिने चढलो.