राजेंद्रनगरची चक्की: राय दळायची असेल तर इथेच

मी धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरीची राई नव्हे) वापरून होणाऱ्या राय व्हिस्कीसाठी लहान चाचणी घ्यायची होती. अमेरिकेत राय व्हिस्की म्हणवून घ्यायला धान्यात किमान 51 टक्के राय लागते, आम्ही त्याहून जास्तच धरली होती. पण आमच्या हॅमर मिलमधून (फिरत्या हातोड्यांनी धान्य फोडणाऱ्या यंत्रातून) तिचा नुसता भुगा पडायचा. रायमध्ये अरॅबिनोझायलन आणि बीटा-ग्लुकन हे पाण्यात चिकट होणारे तंतुमय घटक भरपूर, त्यामुळे पीठ पाण्यात पडलं की खळ होते आणि गाठींच्या आत कोरडं पीठ तसंच राहतं. उलट फार जाड भरडलं तर स्टार्च दाण्यातच अडकतो.

म्हणून इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या या चक्कीवर गेले. काकांनी दोन-चार दाणे दाताखाली फोडून पाहिले. गव्हापेक्षा सडपातळ, हिरवट-करडे दाणे. म्हणाले, "ताई, हे चिवट आहे, सावकाश घेऊ." आधीच्या गव्हाचं पीठ निघून जावं म्हणून आमचीच मूठभर राय फिरवली आणि ती वेगळी काढून ठेवली. मग दगडांमधलं अंतर वाढवलं, चिमूटभर भरड माझ्या तळहातावर ठेवली. "अजून थोडं बारीक," म्हटल्यावर कुरकुर न करता पुन्हा चाक फिरवलं. शेवटी लापशीच्या रव्याहून जरा बारीक दळण मिळालं. हाताला कोमट लागत होतं, तापलेलं नव्हतं.

प्रयोगशाळेत ते बार्लीच्या माल्टसोबत (मोड आणून वाळवलेल्या दाण्यांसोबत) आधी 45 अंशांवर ठेवलं, म्हणजे माल्टमधली एन्झाइम्स बीटा-ग्लुकन तोडतात. मग 64 अंशांवर नेलं. रायचा स्टार्च साधारण 55 ते 70 अंशांत फुलतो, मक्यासारखं उकळावं लागत नाही. गाठ एकही नाही! पांढऱ्या टाइलवरच्या थेंबात आयोडीन टाकलं, निळा रंग आला नाही. स्टार्चची साखर झाली होती. मिश्रण घट्टच होतं, पण तो रायचा गुण, त्याला अरॅबिनोझायलन तोडणारं झायलनेझ एन्झाइम लागतं. चक्कीला त्याचा दोष देऊ नये.

तक्रार एकच, रविवारी इथे फार गर्दी असते आणि अशा दळणाला काकांना निवांतपणा लागतो. तेव्हा आडवारी सकाळी जा, धान्य निवडून, कोरडं न्या आणि झाकणाचा डबा सोबत ठेवा.